पोटरीला बिलगलेला मोजा

कॉनराड जॉब्स्ट हा मूळचा जर्मन, अमेरिकेतल्या टोलेडो शहरात स्थायिक झालेला इंजिनियर. त्याच्या पायांतल्या नीला बिघडल्या होत्या आणि जखमा काही केल्या भरत नव्हत्या. पोहण्याच्या तलावात नुसतं उभं राहिलं, तरी पायांना उतार पडायचा. दुसरा कोणी असता तर रोज तलावावर जाऊन बसला असता. जॉब्स्टने हिशेब मांडला. पाण्यात दर 10 सेंटीमीटर खोलीला पाऱ्याच्या साधारण 7 मिलिमीटरइतका दाब वाढतो, म्हणजे घोटा सर्वांत जास्त आवळला जातो आणि वर यावं तसा दाब उतरत जातो. हाच उतार त्याने कापडात आणला. तो घट्ट मोजा 1950 च्या सुमारास तयार झाला.

आपण उभे असतो तेव्हा पायातल्या रक्ताला हृदयापर्यंतचा चढ चढायचा असतो. पोटरीचा स्नायू आवळला की नीला पिळली जाते, रक्त वर ढकललं जातं आणि आतल्या झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत. नीला फुगली की या झडपा नीट मिटत नाहीत. मोजा तिला बाहेरून आधार देतो. काम एवढंच, पण दिवसभर उभं राहणाऱ्याला ते पुरतं.

दवाखान्यातला हा मोजा मैदानात आला तो पायांवर सूज नसलेल्या लोकांसाठी. मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफचे गुडघ्यापर्यंतचे मोजे जगाने टीव्हीवर पाहिले. आता जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या सकाळी पेडर रोडच्या चढावरही रंगीबेरंगी पोटऱ्या दिसतात.

ते घालून वेग वाढतो का? बहुतेक प्रयोगांत धावण्याच्या वेळेत म्हणावा असा फरक आढळलेला नाही. खरा उपयोग शर्यत संपल्यावर दिसतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या-पोटऱ्या जे बोलतात, ते दुखणं मोजे घालणाऱ्यांना काहीसं कमी जाणवतं, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. यात मनाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड. पाय आवळलाय की नाही, हे पायाला कळतंच! तरी धावून आल्यावर लगेच लांबच्या बस-प्रवासाला निघणाऱ्याने ते घालावेत, हे शहाणपणाचं. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

घालणं ही कसरतच. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पंजा आत सरकवायचा, टाच टाचेवर बसवायची आणि मग थोडा थोडा वर चढवायचा. वरची कड दुमडली, की तिथेच दोरी बांधल्यासारखा काच पडतो आणि दाबाचा सगळा उतार उलटा होतो.

माप घ्यायचं ते सकाळी, पाय सुजायच्या आत: घोट्याच्या वरचा सर्वांत बारीक भाग आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग, दोन्ही टेपने. दुकानात मात्र पहिला प्रश्न येतो, “बुटाचा नंबर किती?”