ग्राइंडरचा गार्ड काढू नका, धूळ घरी आणू नका

"टीबीचं औषध दोनदा पूर्ण केलं, तरी दम कमी होत नाही." आरोग्य शिबिरात असं सांगणारे कामगार आम्हाला वरचेवर भेटतात. काम काय करता, असं विचारलं की कळतं, कुणी ग्रॅनाइटचे ओटे घासतो, कुणी दगड कापतो. "हे डॉक्टरांना सांगितलं का?" असं विचारलं तर उत्तर येतं, "त्यांनी विचारलंच नाही."

आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांची चूल ग्राइंडर, सँडर आणि पॉलिश मशीनवर पेटते. या मशीनचे धोके दोन तऱ्हेचे आहेत. एक क्षणात बोट नाहीतर डोळा घेतो. दुसरा वर्षानुवर्षं छातीत साठत जातो. पहिल्याची भीती सगळ्यांना असते, दुसऱ्याची नसते. म्हणून आधी दुसऱ्याविषयी.

न दिसणारी धूळ

डोळ्यांना दिसते ती जाड धूळ बहुतेक नाकात-घशात अडकते आणि शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडते. घातक धूळ त्याहून कितीतरी बारीक असते. ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. दगडाच्या धुळीत सिलिका असते. तिच्यामुळे फुप्फुसात व्रण पडतात आणि ते कडक होत जातं. हाच सिलिकोसिस. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. शिवाय अशा फुप्फुसात टीबी लवकर शिरतो आणि कॅन्सरचा धोकाही वाढतो.

ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव ते एक तृतीयांश सिलिका असते. हल्ली ओट्यासाठी कारखान्यात बनवलेला क्वार्ट्झचा दगड येतो, त्यात ती नव्वद टक्क्यांच्याही वर असू शकते. तो कापणारे तरुण कामगार आजारी पडू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली. टाइल, विटा आणि काँक्रीटमध्येही सिलिका असतेच.

लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही. तिने दमा होतो आणि वर्षानुवर्षं नाकात गेली तर नाकाचा कॅन्सरही होऊ शकतो. जुना रंग घासताना त्यात शिसं असू शकतं. ते लहान मुलांच्या मेंदूला फार बाधतं.

यावर उपाय असे:

- दगड ओला ठेवून घासा. मात्र साध्या ग्राइंडरवर पाणी ओतू नका, शॉक बसेल. ओल्या कामासाठी बनवलेलं पॉलिश मशीनच वापरा.
- सँडरला धुळीची पिशवी किंवा व्हॅक्यूमचा पाइप लावा. काम शक्यतो उघड्यावर करा.
- तोंडाला बांधलेला गमछा बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क नाक-गालाला घट्ट बसला पाहिजे. दाढीतून हवा आत शिरते.
- धूळ कोरड्या झाडूने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.
- कामाचे कपडे कामावरच बदला. ते घरात झटकू नका, मुलांच्या कपड्यांत मिसळू नका. बाळाला घेण्याआधी हात-तोंड धुवा.

क्षणात होणारा घात

चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. म्हणजे डिस्कची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने फिरते. ती फुटली तर तुकडा कुठे घुसेल सांगता येत नाही. गार्ड आहे तो तेवढ्यासाठी. "गार्ड मध्ये येतो" म्हणून तो काढला जातो आणि मग त्या जागी मोठी डिस्क बसवली जाते. मोठी डिस्क तेवढा वेग सोसणारी नसते. डिस्कवर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवा. तडा गेलेली, भिजलेली किंवा मुदत संपलेली डिस्क फेकून द्या. कापायच्या डिस्कने घासू नका, आडव्या दाबाने ती मोडते. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला कधीच लावू नका.

डिस्क बदलताना आधी पिन काढा. मशीन दोन्ही हातांनी धरा. डोळ्यांवर बाजूंनीही बंद असलेला चष्मा लावा. ओढणी, हातातला दोरा, सैल बाही आवरून घ्या. वायरची टोकं काडीने सॉकेटमध्ये खोचू नका. बोर्डाला शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवून घ्या.

अपघात झालाच तर

डोळ्यात कण गेला तर चोळू नका. नाक्यावर कुणी काडीने किंवा ब्लेडने काढून देतो म्हणाला, तरी त्याच्या हाती डोळा देऊ नका. स्वच्छ पाण्याने धुवा. कण रुतला असेल तर तो ओढू नका, धुऊही नका. डोळ्यावर दाब न येईल असा कागदी कप झाकून लगेच दवाखान्यात न्या.

बोट तुटलं तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळा, पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात घालू नका. शॉक बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

डॉक्टरांना कामही सांगा

खोकला, दम, वजन उतरणं यांसाठी दवाखान्यात गेलात तर, "मी इतकी वर्षं दगड घासतो," हे आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. एक्स-रेमध्ये सिलिकोसिस टीबीसारखा दिसू शकतो, कधी दोन्ही एकत्र असतात. थुंकीची तपासणी कराच. टीबी निघाला तर औषध अर्धवट सोडू नका. सगळे एक्स-रे आणि कागद जपून ठेवा. कामामुळे होणाऱ्या आजारांच्या कायदेशीर यादीत सिलिकोसिस आहे. भरपाई मागताना तेच कागद पुरावा ठरतात.

मास्क, चष्मा देणं हे मालकाचं, ठेकेदाराचं काम आहे. एकट्याने मागितलं तर उद्या येऊ नको म्हणतात, म्हणून चौघांनी मिळून मागा. बांधकामावर वर्षात ९० दिवस भरले असतील तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. आणि घरातल्या बायांनो, दादा कामावर निघताना डब्याबरोबर मास्क दिला का, एवढं रोज बघा.