खोट्या चिठ्ठीमुळे हरवलेला रानपिंगळा

घुबडाचे नाव काढले की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. ते घरावर बसले तर अशुभ, घुमले तर कोणाचे तरी मरण, अशी समजूत खेड्यापाड्यांतून चालत आली आहे. घुबडाच्याच कुळातील एका लहानशा पक्ष्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. तीत अमंगळ असे जे घडले, ते मात्र माणसाच्या हातून घडले.

या पक्ष्याचे नाव रानपिंगळा. गावाजवळच्या झाडांच्या ढोलीत राहणारा ठिपकेदार पिंगळा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. रानपिंगळा हा त्याचा वनवासी भाऊबंद. उंची वीतभर, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंजे मात्र दणकट. इतर घुबडांप्रमाणे तो रात्रीची वाट पाहत नाही. दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसून, शेपटी हलवीत, तो सरडे, उंदीर आणि नाकतोडे यांवर झडप घालतो.

आजच्या छत्तीसगडात मोडणाऱ्या फुलझर भागात ब्लुइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला १८७२ साली हा पक्षी प्रथम मिळाला. पुढील वर्षी पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तो नेहमीच्या पिंगळ्यांहून निराळा वाटल्याने त्याच्यासाठी ‘हेटेरोग्लॉक्स’ ही स्वतंत्र प्रजाती मांडली. नंतर खानदेशात डेव्हिडसन यांनी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची विश्वसनीय नोंद राहिली नाही.

राहिली ती एक खोटी नोंद. रिचर्ड माइनर्ट्झहागन या प्रसिद्ध ब्रिटिश संग्राहकाने, १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे आपण रानपिंगळा मिळवला, असे सांगितले होते. १९७५-७६ साली सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्यांनी केलेला शोध निष्फळ ठरला. त्याला हे खोटे कागदपत्रही काही अंशी कारणीभूत होते.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने पारखले. क्ष-किरणांनी आतील भरण तपासता असे दिसून आले की, माइनर्ट्झहागनचा तो पक्षी मुळात डेव्हिडसन यांच्या संग्रहातील होता. तो चोरून, नव्याने भरून, त्याच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधली होती. तेव्हा विश्वास ठेवण्याजोगी राहिली ती केवळ एकोणिसाव्या शतकातील ठिकाणे. त्यांचाच माग काढीत रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा त्यांच्या दृष्टीस पडला. ११३ वर्षे लोटली होती.

त्यानंतर तोरणमाळ, मेळघाट, खंडवा-बुऱ्हाणपूरची जंगले आणि २०१४ साली तानसा अभयारण्य येथेही तो आढळला. त्याच्या वंशाचा प्रश्न मात्र शिल्लक होता. आईबापांकडून पिलांकडे जो वारसा उतरतो, तो जनुकांत लिहिलेला असतो. दोन पक्ष्यांची जनुके ताडून पाहिली म्हणजे त्यांचे नाते किती जवळचे ते कळते. भारतीय संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अशा अभ्यासात रानपिंगळा स्वतंत्र शाखेचा न ठरता, आपला ठिपकेदार पिंगळा व युरोपातील पिंगळा ज्या ‘अथेनी’ प्रजातीत मोडतात तिच्यातच बसतो, असे निष्पन्न झाले. रूप वेगळे दिसले म्हणून घराणे वेगळे असतेच असे नाही.

आज जगात प्रौढ रानपिंगळे हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. जंगलतोडीने त्यांच्या ढोली जातात, तर अंधश्रद्धेपायी घुबडांचा जीवही घेतला जातो. वन्यजीव कायद्याने त्यांना मारणे हा गुन्हा आहे. शतकभर हरवून सापडलेला हा पक्षी पुन्हा हरवला, तर या वेळी दोष खोट्या चिठ्ठीला देता येणार नाही. यास्तव सातपुड्याकडील आमच्या वाचकांना एवढीच विनंती आहे की, ढोली असलेले जुने झाड तोडण्यापूर्वी त्यांनी एकदा वर पाहावे, आणि मुलांच्या हातातील दगड खाली ठेववावा.