कोरोना रुग्णामागे रुग्णालयांना दीड लाख मिळत होते? व्हायरल दावा आणि बिलाचे खरे गणित

कोरोनाच्या पहिल्या लाटेत महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. एका पॉझिटिव्ह रुग्णामागे सरकारकडून महापालिकेला किंवा रुग्णालयाला दीड लाख रुपये मिळतात, म्हणून साधा सर्दी-खोकला असलेल्यांनाही पॉझिटिव्ह दाखवले जाते, असा त्याचा मथितार्थ होता. अनेकांनी तो खरा मानला. काहींनी तर याच भीतीने टेस्ट टाळली.

केंद्र सरकारची अशी कोणतीही योजना नव्हती. पीआयबीच्या फॅक्ट चेकनेही हा दावा खोटा ठरवला होता. मात्र मेसेज खोटा होता म्हणून त्यामागचा संशयही निराधार होता, असे म्हणता येत नाही. उपचार करताना रुग्णालयाचा पैसा कुठे वाढतो आणि कुठे अडतो, हा प्रश्न खराच होता. त्याचे उत्तर मेसेजमध्ये नव्हते, ते बिलात होते.

अफवा आली कुठून?

रुग्णामागे ठरलेली रक्कम देण्याची पद्धत अमेरिकेत प्रत्यक्षात होती. तिथे ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. २७ मार्च २०२० रोजी मंजूर झालेल्या केअर्स कायद्यानुसार, मेडिकेअरच्या कोरोना रुग्णासाठी रुग्णालयाला मिळणाऱ्या रकमेत २० टक्के वाढ करण्यात आली. याशिवाय, ज्या रुग्णालयांवर सर्वाधिक भार पडला त्यांना मदतनिधीच्या पहिल्या टप्प्यात दाखल रुग्णामागे सुमारे ७७ हजार डॉलर देण्यात आले.

त्यामागे कारण होते. नियोजित शस्त्रक्रिया बंद पडल्याने रुग्णालयांचे उत्पन्न आटले होते आणि पीपीई किट, जादा नर्स, ऑक्सिजन यांचा खर्च वाढला होता. तरीही निदानावर पैसे ठरतात म्हटल्यावर संशय येणारच. म्हणून १ सप्टेंबर २०२० पासून ही २० टक्के वाढ मिळण्यासाठी रुग्णाच्या नोंदीत पॉझिटिव्ह रिपोर्ट असणे बंधनकारक झाले.

महाराष्ट्रात चित्र उलटे होते. इथे सरकारने खासगी रुग्णालयांना जादा पैसे दिले नाहीत, उलट त्यांच्या दरांवर मर्यादा घातली.

महाराष्ट्राने काय ठरवले?

राज्य सरकारने मे २०२० मध्ये साथरोग कायदा १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ यांसह इतर कायद्यांच्या आधारे अधिसूचना काढली. खासगी रुग्णालयांतील ८० टक्के बेड सरकारी दराच्या कक्षेत आले. उरलेल्या २० टक्के बेडसाठी रुग्णालये स्वतःचे दर लावू शकत होती.

कोरोना रुग्णांसाठी दिवसाचे कमाल दर असे होते: साध्या वॉर्डमध्ये विलगीकरणासाठी ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५०० रुपये आणि व्हेंटिलेटरसह आयसीयू ९,००० रुपये. बेड, नर्सिंग, डॉक्टरांची तपासणी, जेवण, एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी आणि नेहमीच्या रक्त-लघवी तपासण्या यातच धरलेल्या होत्या.

१ जून २०२१ पासून शहरांनुसार तीन गट झाले. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या पहिल्या गटात जुनेच दर राहिले. दुसऱ्या गटात ते ३,०००, ५,५०० आणि ६,७०० रुपये, तर तिसऱ्या गटात २,४००, ४,५०० आणि ५,४०० रुपये झाले.

मग बिल लाखांत कसे गेले?

एक उदाहरण घेऊ. समजा मुंबईतला एखादा रुग्ण दहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. सरकारी दराने हिशेब होतो ९० हजार रुपये. घरच्यांनी बातमीत वाचलेला आकडा हाच. पण डिस्चार्जच्या वेळी हातात आलेले बिल त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकत होते आणि तरीही त्यातला प्रत्येक रुपया बेकायदा असेलच असे नव्हते.

कारण काही गोष्टी दिवसाच्या दराबाहेर ठेवल्या होत्या. पीपीई किट, कोरोना टेस्ट, सीटी स्कॅन, एमआरआय, सेंट्रल लाइन किंवा ब्राँकोस्कोपीसारख्या प्रक्रिया आणि टोसिलिझुमॅब, मेरोपेनेम, इम्युनोग्लोब्युलिन यांसारखी महागडी औषधे वेगळी लावता येत होती.

खरी मेख इथे आहे. बेडचा दर बांधला की त्यावर जादा कमाई होत नाही. पण ज्या वस्तूचा दर मोकळा आहे, तिथे किती वापरायचे आणि काय भाव लावायचा, याला वाव उरतो. एका शिफ्टमध्ये तीच नर्स दहा रुग्णांना पाहत असेल, तर तिच्या पीपीई किटचा खर्च दहा जणांत वाटायचा की प्रत्येकाच्या बिलात पूर्ण लावायचा? पहिल्या लाटेत वाद झाले ते अशाच ओळींवरून.

त्यामुळे सरकारला एकेक भोक बुजवत जावे लागले. सप्टेंबर २०२० मध्ये छातीच्या सीटी स्कॅनचे दर मशीनच्या क्षमतेनुसार २,००० ते ३,००० रुपयांवर आणले गेले. सुरुवातीला ४,५०० रुपयांपर्यंत असलेली आरटी-पीसीआर टेस्ट टप्प्याटप्प्याने उतरली. मार्च २०२१ च्या शेवटी लॅब किंवा संकलन केंद्रात नमुना दिल्यास तिचा दर ५०० ते ६०० रुपये आणि घरून नमुना नेल्यास ८०० रुपये झाला. महापालिका आणि जिल्हा प्रशासनांनी बिले तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमले. अनेक रुग्णांची बिले त्यानंतर कमी झाली.

रुग्णालयांची बाजू काय होती?

इंडियन मेडिकल असोसिएशनच्या महाराष्ट्र शाखेने या दरांना जाहीर विरोध केला. ठरवलेल्या दरात खर्च भागत नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. यातही तथ्य होते. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयाला एका विभागाचा तोटा दुसऱ्या विभागातून भरून काढता येतो. तालुक्याच्या गावातल्या वीस बेडच्या रुग्णालयाला ते जमत नाही. तिथे कर्मचारी दुप्पट पगाराशिवाय यायला तयार नव्हते, ऑक्सिजन महाग झाला होता आणि नेहमीची ऑपरेशन्स बंद होती.

म्हणजे दर फार खाली बांधला तर छोटे रुग्णालय कोरोना रुग्ण घ्यायलाच नकार देण्याचा धोका असतो. मोकळा सोडला तर रुग्णाचे घर विकले जाण्याची वेळ येते.

पैसे देण्याची पद्धत का महत्त्वाची?

रुग्णालयाला पैसे देण्याच्या प्रमुख तीन पद्धती आहेत आणि प्रत्येकीत वेगळा मोह दडलेला आहे.

दिवसाप्रमाणे पैसे दिले तर रुग्णाला जास्त दिवस ठेवण्याचा मोह होतो. साथीत हे जास्त घातक, कारण एक बेड दोन दिवस उगाच अडला तर बाहेर रिक्षात ऑक्सिजनविना बसलेला दुसरा रुग्ण थांबून राहतो.

प्रत्येक तपासणी आणि औषधाप्रमाणे पैसे दिले तर तपासण्या वाढतात.

आजाराप्रमाणे ठोक पॅकेज दिले तर उलटे होते. लवकर डिस्चार्ज देण्याचा किंवा गुंतागुंतीचा रुग्ण टाळण्याचा मोह होतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना याच पॅकेज पद्धतीने चालते. मे २०२० मध्ये ती राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना तात्पुरती खुली झाली. योगायोग असा, की या योजनेची त्या वेळची वार्षिक मर्यादाही कुटुंबामागे दीड लाख रुपयेच होती. पण ती उपचारांच्या खर्चाची कमाल मर्यादा होती, रुग्ण पॉझिटिव्ह आला म्हणून कुणाला मिळणारे बक्षीस नव्हते.

याचा अर्थ प्रत्येक डॉक्टर पैशाकडे पाहून उपचार करतो असा नाही. पण व्यवस्था चांगल्या माणसांच्या भरवशावर सोडून चालत नाही. दर ठरवतानाच त्यात काय धरले आहे, काय नाही आणि बिल कोण तपासणार, हे ठरलेले असावे लागते. महाराष्ट्रात यातला पहिला भाग साथीच्या तिसऱ्या महिन्यात झाला. बाकीचे तुकड्यातुकड्याने, लोकांनी बिले भरल्यानंतर आले.

आज तुमच्या हातात काय आहे?

साथीतले बांधीव दर आता लागू नाहीत. मात्र जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्णालयाने प्रमुख सेवांचे दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे.

त्यामुळे रुग्ण दाखल करताना, शक्य असेल तर, तीन गोष्टी विचारा. दिवसाच्या दरात नेमके काय येते? काय वेगळे लागेल? आणि अंतिम बिल प्रत्येक बाबीच्या तपशिलासह मिळेल का? दरपत्रकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बिलावर वाद झाला तर तो फोटो उपयोगी पडेल.