हात धुतले, पाणी पिवळं झालं; कावीळ उतरली का?

मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत कोणत्याही गावात विचारा, काविळीचं औषध देणाऱ्याचा पत्ता लगेच मिळतो. कोणी पाल्याचा रस देतं, कोणी माळ घालतं, कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरवतं’. पाणी पिवळं होतं, हे खरंच. उतरवणाऱ्याच्या हाताला आधीच आंब्याच्या सालीचा रस लागलेला असतो. त्याची चुन्याशी गाठ पडली की पिवळा रंग सुटतो. ठणठणीत माणसाचे हात धुतले तरी पाणी तेवढंच पिवळं होईल.

तरीही पेशंट बरा होतो, म्हणून विश्वास टिकतो. दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ आणि ‘ई’ विषाणूंची कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत आपसूक सोडून जाते (गरोदरपणात ‘ई’ झाली तर मात्र जिवावर बेतू शकतं). श्रेय माळेला मिळतं. पथ्यही गमतीचं: पिवळी म्हणून हळद बंद, आणि कोळ्याच्या घरात मासेही बंद. यकृताला त्या दिवसांत प्रथिनं हवी असतात, हे कोणी विचारात घेत नाही.

खरी फसगत होते ती ‘बी’ आणि ‘सी’मध्ये. हे विषाणू रक्तातून, निर्जंतुक न केलेल्या सुईतून, आईकडून बाळाला आणि ‘बी’ तर शरीरसंबंधातूनही जातात. एका ताटात जेवल्याने नाही. एकदा ठाण मांडलं की वर्षानुवर्षं राहतात आणि बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात ‘बी’चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि ‘सी’चे ५५ लाख रुग्ण होते. १९८२मध्ये ‘कुली’च्या सेटवर जखमी झालेल्या अमिताभ बच्चन यांना त्या वेळी दिलेल्या रक्तातून ‘बी’ची लागण झाली. ती लक्षात आली कित्येक वर्षांनी, आणि तोवर यकृताचा मोठा भाग निकामी झाला होता, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितलं आहे.

‘एसजीपीटी नॉर्मल आलं, म्हणजे यकृताला सूज नाही,’ हे वाक्य तर शिकलेले लोकही म्हणतात. एसजीपीटी हे यकृताच्या पेशीतलं एन्झाइम. पेशी दुखावली की ते रक्तात झिरपतं. पण जुनाट ‘बी’मध्ये हा आकडा कधी वर, कधी खाली असतो. एका दिवसाच्या नॉर्मल रिपोर्टवर निर्धास्त होणं महागात पडू शकतं.

मग अधिक बोलकी खूण हवी, आणि तिच्या शोधात संशोधक मायक्रोआरएनएपर्यंत पोचले. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठी २०२४चं नोबेल मिळालं. पहिला मायक्रोआरएनए १९९३मध्ये एका इवल्याशा कृमीत सापडला होता. नावामुळे लोकांना हा विषाणूचा तुकडा वाटतो. तसं नाही. जेमतेम २२ अक्षरांची ही साखळी आपल्याच पेशीत तयार होते आणि कोणतं प्रथिन किती बनवायचं याला लगाम घालते. यकृताच्या पेशीतल्या अशा साखळ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मिर-१२२च्या असतात. पेशी फुटली की ती रक्तात उतरते. मिर-१५५ वेगळी: ती दाहाच्या वेळी पांढऱ्या पेशींत वाढते, आणि जुनाट ‘सी’च्या रुग्णांच्या रक्तात ती वाढलेली आढळली आहे.

‘सी’चा विषाणू तर मिर-१२२ला चिकटूनच वाढतो, हे २००५मध्ये कळलं. ती अडवणाऱ्या मिराविरसेन या औषधाने रुग्णांमधला विषाणू कमी झाल्याचं २०१३मध्ये प्रसिद्धही झालं. पण पाठोपाठ साध्या गोळ्या आल्या आणि ते मागे पडलं.

रक्तातली मिर-१२२ मोजता येते म्हटल्यावर ‘आता ही नवी तपासणी करून घेऊ, बायोप्सी नको’ असं वाटणं साहजिक आहे. थांबा. मिर-१२२ चरबीने फुगलेल्या यकृतातही वाढते, दारूनेही, पॅरासिटामॉलच्या जास्त डोसनेही. विषाणू कोणता, हे ती सांगत नाही. शिवाय यकृतात जखमेचे वण फार झाले की शाबूत पेशीच कमी उरतात आणि रक्तातली मिर-१२२ खाली येऊ शकते. म्हणजे आकडा उतरला आणि रोग पुढे गेला.

मोजण्यातही खोच आहे. मिर-१२२ बहुधा दुसऱ्या एखाद्या साखळीच्या तुलनेत मोजतात, पुष्कळदा मिर-१६च्या. ही मिर-१६ तांबड्या पेशींत ठासून भरलेली असते. मुरुडला काढलेलं रक्त एसटीच्या धक्क्यांत, उन्हात मुंबईला गेलं, तांबड्या पेशी फुटल्या आणि सीरम किंचित गुलाबी झालं की मिर-१६ वाढते आणि मिर-१२२ विनाकारण कमी दिसते. नळीकडे नुसतं पाहून ही गुलाबी छटा ओळखू येईलच असं नाही. म्हणून ही तपासणी अजून प्रयोगशाळेतच आहे, दवाखान्यात नाही. कोणी तिचं पॅकेज विकत असेल तर माझ्या मते पैसे खिशातच ठेवावेत.

विषाणू शोधायला सुरुवातीला ‘बी’साठी एचबीएसएजी आणि ‘सी’साठी अँटी-एचसीव्ही या साध्या तपासण्या पुरतात. वण किती झाले ते एसजीओटी आणि प्लेटलेटच्या आकड्यांवरून ताडता येतं, नाहीतर फायब्रोस्कॅन आहे. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या विषाणूजन्य काविळीच्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमात ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी नि औषधं मोफत आहेत. ‘सी’ तर बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो. ‘बी’ सहसा मुळापासून जात नाही, गोळ्यांनी दबून राहतो. पण नवजात बाळाला २४ तासांच्या आत लस टोचली तर आईकडून येणारी लागण बहुतेक वेळा टळते.