पाण्याखालचा जोडीदार

परक्या देशात घर मिळतं, बँकेत खातं उघडतं, तूरडाळीचं दुकानही सापडतं. दोन-तीन महिन्यांत संसार मार्गी लागतो. पण शनिवारी आपण कुठं गेलो नाही, तर कुणाचं काही अडत नाही. परदेशातलं खरं एकटेपण तिथं असतं. कुणी त्यावर महाराष्ट्र मंडळाचा इलाज शोधतं, कुणी देवळाचा, कुणी क्रिकेटच्या संघाचा. इंग्लंडच्या मध्यभागी राहायला गेल्यावर मला तो इलाज सापडला एका स्कूबा डायव्हिंग क्लबात. हे क्लब पगारी माणसांशिवाय चालतात, आणि ते कसे चालतात हे समजून घेण्यासारखं आहे.

स्कूबा डायव्हिंग म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरणं. आपल्याकडे मालवण-तारकर्लीला अनेकांनी याची चव घेतलेली असते. तिथं पर्यटक म्हणून गेलात, तर प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतो, मासे आणि प्रवाळ दाखवतो आणि वर आणतो. अनुभव सुरेख असतो, पण सगळी जबाबदारी त्या प्रशिक्षकाची असते. स्वतःच्या जबाबदारीवर पाण्यात उतरायचं, तर गोष्ट वेगळी होते.

का, ते थोड्या हिशेबानं पाहू. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे वीस मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट होतो आणि प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट लागते. बारा लिटरचं सिलिंडर २३२ बार दाबानं भरलं, तर त्यात सुमारे २,७८० लिटर हवा मावते. शांतपणे श्वास घेणारा माणूस मिनिटाला वीसेक लिटर हवा वापरतो असं धरलं, तर जमिनीवर ती दोन तासांहून जास्त पुरेल. वीस मीटरवर मात्र राखीव हवा बाजूला ठेवल्यास जेमतेम पस्तीस मिनिटं. वर येतानाही घाई चालत नाही. दाब कमी होताना फुप्फुसातली हवा फुगते, म्हणून श्वास रोखून वर येणं जिवावर बेतू शकतं. शरीरात विरघळलेला नायट्रोजनही हळूहळू बाहेर पडावा लागतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण एकदम उघडल्यावर जसे बुडबुडे येतात, तसे ते रक्तात आले तर सांधे दुखण्यापासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं.

म्हणूनच या खेळात जोडीदार लागतो. पाण्यात उतरण्याआधी दोघं एकमेकांचं सामान तपासतात. सिलिंडर पूर्ण उघडलं आहे ना, हवा किती आहे, जाकिटात हवा भरते आणि सुटते ना, कुठला पट्टा कसा सोडायचा. प्रत्येकाकडे तोंडात धरायचा एक जादा नळीचा तुकडा असतो. तो स्वतःसाठी नसतो, जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायला असतो. पाण्याखाली बोलता येत नाही, तेव्हा हातांच्या खुणा दोघांना एकसारख्याच कळायला हव्यात. ज्या माणसाचं आडनावही आपल्याला नीट उच्चारता येत नाही, त्याच्यावर असा भरवसा ठेवायचा, आणि त्यानं आपल्यावर ठेवायचा.

हा भरवसा विकत घेता येतो का? काही प्रमाणात येतो. जगभर डायव्हिंगच्या शाळा आहेत, त्या पैसे घेऊन उत्तम शिकवतात. पण ब्रिटनमध्ये दुसरीही एक जुनी वाट आहे. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचं सुटसुटीत यंत्र तयार केलं. त्यानंतर दहा वर्षांनी, १९५३ साली, लंडनमध्ये ऑस्कर गुगेन आणि पीटर स्मॉल यांनी ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबची स्थापना केली. तेव्हा सामान मिळत नव्हतं आणि शिकवणारेही मोजकेच होते. लोकांनी सैन्याच्या मोडीतलं सामान जमवलं, पोशाख घरी चिकटवून तयार केले आणि जो आधी शिकला त्यानं पुढच्याला शिकवलं. हीच पद्धत शाखाशाखांमध्ये रुजली. आजही शाखेतले प्रशिक्षक शिकवण्याचा पगार घेत नाहीत.

आमच्या शाखेचा कारभार आपल्याकडच्या एखाद्या गिर्यारोहण मंडळासारखाच वाटला. वार्षिक वर्गणी, कार्यकारिणी, सचिव, खजिनदार, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा आणि तिथं कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीवरून होणारी लांबलचक चर्चा. फरक एका पदाचा. डायव्हिंग ऑफिसर नावाचा पदाधिकारी सुरक्षिततेचं सगळं पाहतो आणि त्याचा शब्द अध्यक्षालाही मानावा लागतो. आठवड्यातून एक संध्याकाळ नगरपालिकेच्या तलावात सराव असतो. निवृत्त शिक्षक, नळकाम करणारा, परिचारिका, विद्यार्थी, सगळे एका रांगेत पाण्यात उतरतात. नंतर गप्पा पबमध्ये. मद्य न घेणाऱ्यानं लिंबाचं सरबत घेतलं तरी कुणी विचारत नाही. खरी ओळख तिथंच होते.

इंग्लंडच्या मध्यभागी समुद्र कुठला, असं तुम्ही म्हणाल. त्या बेटावर समुद्रापासून सर्वांत दूरचं ठिकाणही सुमारे ११३ किलोमीटरवर आहे, म्हणजे जवळपास पुण्याइतकं. शिवाय जुन्या दगडखाणी आहेत. लेस्टरशरमधली स्टोनी कोव्ह ही ग्रॅनाइटची खाण १९५८ साली बंद झाली आणि झऱ्यांच्या पाण्यानं भरली. आज तिथं देशभरातले डायव्हर सरावाला येतात. सहा, वीस आणि पस्तीस मीटरच्या आसपास खाणीचे टप्पे आहेत आणि पाण्याखाली मुद्दाम बुडवलेली एक टगबोटही आहे. हिवाळ्यात पाणी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं. आत पाणी न शिरणारा ड्रायसूट आणि त्याखाली लोकरीसारखे जाड कपडे घालूनच उतरावं लागतं.

समुद्रावरच्या सहलीत क्लब म्हणजे काय ते कळतं. तिथल्या भरती-ओहोटीचा ओढ जबरदस्त. दोन्हींच्या मधल्या थोड्या निवांत वेळातच बहुतेक ठिकाणी उतरता येतं. ती वेळ कोष्टकातून काढायची, बोट चालवायची, तटरक्षकांना कळवायचं, कोण किती वाजता आणि किती हवा घेऊन उतरलं ते पाटीवर लिहायचं. ही सगळी कामं सदस्यच वाटून घेतात. मला पहिलं काम मिळालं ते या पाटीचं. चार जोड्या खाली, वर करडा समुद्र, आणि कुणाला परतायला उशीर झाला तर ते सर्वांत आधी माझ्या लक्षात यायला हवं. शनिवारी मी आले नाही तर अडणार होतं, असं त्या देशातलं हे माझं पहिलं काम.

अशा हौशी माणसांनी केवढं काम उभं केलं, याचं एक उदाहरण सांगते. आठव्या हेन्रीची 'मेरी रोझ' ही युद्धनौका १५४५ साली पोर्ट्समथजवळ बुडाली. १९६५ साली अलेक्झांडर मकी या लेखकानं क्लबाच्या साउथसी शाखेतल्या डायव्हरांना बरोबर घेऊन शोध सुरू केला. गढूळ पाण्यात, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चानं. १९७१ साली लाकडं सापडली. पुढं मार्गारेट रूल या पुरातत्त्वज्ञ स्वतः डायव्हिंग शिकून खाली उतरू लागल्या. मोठ्या उत्खननात पाचशेहून अधिक स्वयंसेवक डायव्हरांनी भाग घेतला आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी नौकेचा सांगाडा वर आला. तो आज पोर्ट्समथच्या संग्रहालयात पाहता येतो. आजही अनेक डायव्हर 'सीसर्च' या प्रकल्पासाठी सागरी जिवांच्या नोंदी करून देतात.

तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमची मुलं-नातवंडं, परदेशी जाणार असतील आणि पाण्याची आवड असेल, तर दोन शब्द. ब्रिटनमध्ये जवळची शाखा सहज शोधता येते. आयर्लंड आणि फ्रान्समध्येही असे क्लब आहेत. दुसऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र असलं तरी चालतं, मात्र थंड आणि गढूळ पाण्याचा सराव नव्यानं करावा लागतो. आधी तलावावरच्या संध्याकाळी नुसतं जाऊन पाहा. सामान उसनं मिळतं का, विमा कशाकशाचा आहे, यंदा किती नवे लोक शिकून पुढं गेले, हे विचारा. प्रकृतीचा तक्ता खरा भरा. दमा किंवा हृदयविकार लपवून पाण्यात उतरणं म्हणजे जोडीदारालाही धोक्यात घालणं. आणि धीर ठेवा. इथं शिकवणारा दिवसभराची नोकरी करून आलेला असतो. शाळेत चार दिवसांत होणारं शिक्षण क्लबात चार महिने घेतं.

त्या चार महिन्यांत आणखी एक गोष्ट घडते. सिलिंडरं उचलताना, बोट धुताना, चहाचा थर्मास पुढं करताना आपण पाहुणे राहत नाही. आणि एके दिवशी कुणी नवखा माणूस तलावाच्या काठावर घाबरून उभा असतो, तेव्हा डायव्हिंग ऑफिसर त्याला तुमच्याकडे बोट दाखवून सांगतो, "यांच्याबरोबर उतर."