रोबोटिक्सचे पदव्युत्तर शिक्षण: ऐकीव आणि खरे

बी.ई.च्या शेवटच्या वर्षी रेषेवरून धावणारी गाडी केली, स्पर्धेत बक्षीस मिळाले, की अनेक मुले रोबोटिक्समध्ये एम.टेक. करायचे ठरवून टाकतात. पहिल्या सत्रात मात्र हातात सोल्डरिंग गन येत नाही. रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि कंट्रोल थिअरी येते. रोबोटिक्स म्हणजे सुटे भाग जोडून यंत्र चालवणे, हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज आहे.

गोदामात माल वाहणारा चाकांचा रोबो घ्या. चाक किती फिरले हे एन्कोडर मोजतो आणि त्यावरून कापलेले अंतर निघते. पण गुळगुळीत फरशीवर चाक घसरते, टायर झिजतो. वळताना दिशेत एका अंशाची चूक झाली, तर दहा मीटर पुढे गेल्यावर रोबो सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. त्यामुळे आपण नेमके कुठे आहोत हे त्याला कधीच ठामपणे माहीत नसते. बहुधा या एवढ्या भागात असू, इतकेच तो धरून चालतो. लेझरने अंतर मोजणाऱ्या लायडारला ओळखीची भिंत दिसली की तो भाग आक्रसतो, पुढे सरकताना पुन्हा पसरतो. या अनिश्चिततेचा हिशेब ठेवण्याची एक मूलभूत रीत रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली मांडली आणि तिचे विस्तारित रूप अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरले गेले. पदव्युत्तर अभ्यासाचा गाभा हा आहे, आणि ज्याला हे गणित आवडते त्याने इथे जरूर यावे.

‘हे मेकॅनिकलवाल्यांचे क्षेत्र’ असेही म्हणतात. यांत्रिक हाताची गतिकी मेकॅनिकलची खरी, पण कंट्रोल इलेक्ट्रिकलवाल्यांना जवळचे आणि कॅमेऱ्याने पाहणे कॉम्प्युटरवाल्यांना. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतला रोबोटिक्स अँड ऑटोनॉमस सिस्टिम्सचा एम.टेक. अनेक विभाग मिळून चालवतात. पदवीच्या नावात ‘रोबोटिक्स’ असलेच पाहिजे, हा हट्टही सोडावा. आयआयटी मुंबईच्या सिस्टिम्स अँड कंट्रोल अभ्यासक्रमात या विषयाचा पायाच शिकवला जातो.

नोकरीबद्दलचा गोंधळ वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ८,५१० औद्योगिक रोबो बसवले गेले. पण वेल्डिंगचा रोबो टीच पेंडंटवर, म्हणजे हातात धरायच्या नियंत्रकावर, शिकवून उभा करणे हे काम डिप्लोमा झालेला अनुभवी माणूस उत्तम करतो, त्यासाठी एम.टेक. लागत नाही. पदव्युत्तर माणूस लागतो तो रोबोला अनोळखी जागी स्वतः निर्णय घ्यायचा असतो तिथे: ड्रोन, गोदामे, संरक्षण. बॉम्ब निकामी करणारा ‘दक्ष’ रोबो पुण्यात दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत विकसित झाला, हे पुण्यातल्या किती विद्यार्थ्यांना माहीत असते?

आणि ‘जर्मनीत सगळे फुकट’. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले. राहण्याखाण्याचा खर्च वेगळाच. घर गहाण ठेवून कर्ज काढण्याआधी आई-वडिलांनी हे आकडे स्वतः तपासावेत.

परदेशी असो वा देशी, अभ्यासक्रम संशोधनाचा आहे की उद्योगाकडे नेणारा, हे आधी पाहायला हवे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलनमध्ये दोन्ही प्रकारच्या स्वतंत्र पदव्या आहेत. आपल्याकडे आयआयआयटी हैदराबादचे एम.एस. संशोधनाचे आहे, तिथे प्रबंध आणि मार्गदर्शक यांनाच वजन. अर्ज भरण्याआधी तिथल्या प्राध्यापकांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचावेत. पहिल्या वाचनात निम्मे कळले नाही तरी चालेल, पण उरलेले निम्मे समजून घ्यावेसे वाटते का, ते बघावे. सरावासाठी महागडा रोबो विकत घ्यायची गरज नाही: रोबोची प्रणाली लिहिण्याचे आरओएस आणि संगणकावर आभासी रोबो चालवणारे गॅझेबो ही दोन्ही साधने मोफत आहेत आणि बऱ्यापैकी लॅपटॉपवर चालतात.