पोकळ भिंत आणि जड संच

भिंत म्हटली म्हणजे ती दगडाची, विटांची, निदान मातीची तरी असावयाची, आणि तींत खिळा ठोकला कीं त्याला वाटेल तें टांगावयाचें, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. नऊ इंची विटांच्या भिंतीपुरती ती खरीहि आहे. परंतु आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील भाऊ, काका व मामा नोकरीनिमित्त अमेरिका, इंग्लंड इत्यादि देशांत जाऊन राहिले आहेत, आणि तेथील घरांच्या आंतल्या भिंती बहुधा या जातीच्या नसतात. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून, आणि आतां राहत्या घरांतूनहि, एका खोलीच्या दोन खोल्या करितांना तशीच हलकी भिंत उभी करण्याची चाल पडली आहे. अशा भिंतीवर वीस-पंचवीस किलो वजनाचा दूरचित्रवाणीचा संच टांगावयाचा झाल्यास काय करावें, असें पालक आम्हांस विचारीत असतात. विषय वरवर सुताराचा दिसतो. पण त्यांत वर्गांत शिकविलेली तरफ आहे व थोडें रसायनशास्त्रहि आहे, म्हणून तो येथें मांडीत आहों.

ही भिंत आंतून कशी असते तें समजणें कोंकणांतील मुलांना जड जाऊं नये. कुडाच्या घरांत ठराविक अंतरावर मेढी उभ्या करितात, मेढींच्या मध्यें कारवीच्या काठ्या बांधतात आणि दोन्ही अंगांनीं माती-शेणाचा गिलावा देतात. छपराचा भार मेढी वाहतात. कूड नुसता आडोसा करितो. कोणताहि शहाणा शेतकरी नांगर कुडाला अडकवीत नाहीं. तो मेढीची खुंटी शोधतो. अमेरिकेंतील घराची भिंत ही या कुडाचीच धाकटी बहीण समजावी. मेढीच्या जागीं तेथें लाकडाचे उभे वासे असतात व त्यांस 'स्टड' म्हणतात. एका वाशाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचें अंतर बहुधा १६ इंच, म्हणजे सुमारें ४० सेंटिमीटर, व क्वचित् २४ इंच असतें. बाजारांत या लाकडाला 'दोन बाय चार' असें नांव आहे, पण प्रत्यक्ष मोजूं गेल्यास तें १॥ इंच रुंद व ३॥ इंच खोल भरतें. नांव दोनाचें आणि माप दीडाचें, हा व्यवहार सर्व देशांत सारखाच दिसतो!

कारवीच्या व गिलाव्याच्या जागीं जी फळी येते तिचें नांव प्लास्टरबोर्ड. १८९४ सालीं अमेरिकेंत ऑगस्टिन सॅकेट यानें प्लास्टरचे व कागदाचे थर एकमेकांवर बसवून केलेल्या फळीचें पेटंट घेतलें. हल्लींची फळी ही त्याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ति आहे. तिच्या पोटांत जिप्सम असतो आणि दोन्ही अंगांस जाड कागद चिकटविलेला असतो. जाडी साधारणत: अर्धा इंच. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. विद्यार्थ्यांनीं अणुभार घेऊन हिशेब करून पाहावा : कॅल्शियम सल्फेटचे १३६ आणि पाण्याचे ३६, मिळून १७२, म्हणजे कोरड्याठणठणीत दिसणाऱ्या या फळीच्या जिप्सममध्यें वजनानें शेंकडा जवळजवळ २१ भाग पाणी आहे. घरास आग लागली तर तें पाणी वाफ होऊन जाईपर्यंत भिंतीची मागील बाजू फारशी तापत नाहीं. हा या फळीचा मोठाच गुण आहे, आणि लाकडी घरांच्या देशांत तिचा एवढा प्रसार कां झाला तेंहि त्यावरून कळतें.

पण आगीस तोंड देणें निराळें व ओझें धरणें निराळें. जिप्समला दाब सोसतो, ताण सोसत नाहीं. ताण जो काय सहन करावयाचा तो कागद करितो. म्हणूनच कारागीर ही फळी करवतीनें कापीत बसत नाहीं; एका बाजूचा कागद चाकूनें चिरतो, फळी मागें दुमडतो, आणि ती खडूसारखी कट्कन मोडते. तिच्यांत नुसता स्क्रू पिळला तर आटे जिप्समचा भुगा करितात. असा स्क्रू दिनदर्शिका धरील, संच धरणार नाहीं. विटांच्या भिंतींत आपण जी प्लास्टिकची गिट्टी ठोकतों तीहि येथें निरुपयोगी. कारण गिट्टी फुगून सभोंवतालच्या भक्कम विटेला घट्ट धरते, आणि येथें सभोंवार भक्कम असें कांहीं नसून मागें पोकळी असते.

आतां तरफेकडे वळूं, कारण बहुतेक लोक चुकतात ते येथें. संचाचें वजन खालीं असतें, मग स्क्रू भिंतींतून बाहेर कां येतो? वजन भिंतीच्या पृष्ठभागावर नसून पृष्ठभागापासून कांहीं अंतरावर असतें, हें त्याचें कारण. समजा, संच २५ किलोचा आहे आणि भिंतीवर बसविलेल्या लोखंडी पाटीच्या खालच्या कडेपासून वरचे स्क्रू २० सेंटिमीटर उंचीवर आहेत. संच भिंतीला अगदीं लगटून असेल व त्याचा गुरुत्वमध्य भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर असेल, तर खालच्या कडेभोंवतीं २५ गुणिलें ५, म्हणजे १२५ इतका फिरविण्याचा जोर होतो. त्यास २० नीं भागल्यावर वरच्या स्क्रूंवर ६। किलोचा ओढा येतो. हें कांहीं फार नव्हे. पण दुकानांत पुढें ओढून वाटेल तिकडे वळविण्याजोगा हात असलेल्या पाट्याहि मिळतात, आणि घरांतील तरुण मंडळींस नेमकी तीच आवडते. तो हात ५० सेंटिमीटर बाहेर काढला कीं २५ गुणिलें ५० म्हणजे १२५०, भागिलें २०. आणि ओढा झाला ६२॥ किलो! संच तोच, भिंत तीच, स्क्रू तेच; जोर मात्र दसपट. यांत हाताचें स्वत:चें वजन आम्हीं धरलेलें नाहीं. सहा वर्षांचें मूल सुमारें २० किलोचें असतें. तें त्या हाताला लोंबकळलें तर आणखी ५० किलोची भर पडते. शिवाय हा हात रोज आंतबाहेर होतो, आणि प्रत्येक वेळीं भोंकाच्या कडेचा जिप्सम थोडाथोडा चुरतो.

आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें न्यू जर्सीहून लिहिलेल्या पत्रांत असाच प्रकार होता. भाड्याच्या घरांत त्यानें हाताची पाटी प्लास्टरबोर्डांत चार गिट्ट्या ठोकून बसविली. अकरा दिवस ती जागची हलली नाहीं, त्यामुळें काम चोख झालें असें त्यास वाटलें. बाराव्या रात्रीं सर्व मंडळी निजलीं असतां संच, पाटी व भिंतीचा हातभर तुकडा मिळून खालीं आला. त्याची दोन वर्षांची मुलगी दिवसां त्याच जागीं सतरंजीवर खेळत असे. पहिल्या दिवशीं टिकलें तें टिकाऊच, हा तर्क या भिंतीला लागू पडत नाहीं.

तर मग मेढ शोधावयाची. बोटाच्या पेरानें भिंत आडवी ठोकीत जावें. पोकळ जागीं आवाज ढब येतो, वाशावर टक् असा बद्द व आंखूड येतो. सवय नसलेल्या कानाची मात्र यांत फसगत होते. याहून चांगली युक्ति लोहचुंबकाची. फळ्या वाशांना लोखंडी स्क्रूंनीं किंवा खिळ्यांनीं जखडलेल्या असतात; दोऱ्याला बांधलेला लहानसा जोरदार चुंबक भिंतीवरून हळूहळू फिरवावा, तो जेथें चिकटेल तेथें पेन्सिलीची खूण करावी. अशा खुणा एकाखालीं एक ओळंब्यांत आल्या म्हणजे वासा सांपडला. तेथून १६ इंच मोजून दुसरा पडताळावा. एवढ्यावरहि विसंबूं नये. पाटीनें जी जागा पुढें झांकली जाणार आहे, तेथें बारीक गिरमिटानें आडव्या ओळींत चारदोन भोंकें पाडून लाकडाच्या दोन्ही कडा निश्चित कराव्या. कारण लाकूड १॥ इंचच रुंद आहे व स्क्रू त्याच्या बरोबर मध्यें गेला पाहिजे. कडेला गेलेला स्क्रू लाकूड चिरतो आणि काम झालें असा नुसता भास करितो.

विजेच्या तारा या भिंतीच्या पोटांतूनच जातात. खटक्याच्या अथवा सॉकेटच्या सरळ वर किंवा खालीं भोंक पाडूं नये. जेथें तार वाशाच्या कडेच्या जवळून जाते तेथें तिच्या रक्षणासाठीं पोलादी चकती ठोकलेली असते. गिरमीट लाकडाऐवजीं कठीण धातूला लागलें तर जोर न करितां जागा सोडून द्यावी. ती चकती आपणांस थांबविण्यासाठींच तेथें आहे.

पुढील काम फार नाहीं. ८ मिलिमीटर जाडीच्या मोठ्या स्क्रूसाठीं आधीं ५ मिलिमीटरचें भोंक पाडावें, स्क्रू लाकडांत निदान दोन इंच शिरेल इतका लांब घ्यावा, डोक्याखालीं वायसर घालावा, आणि पान्यानें आवळावा. पाटी घट्ट बसतांच थांबावें. त्यापुढें पिळल्यास लाकडांतले आटे तुटतात. पहिला स्क्रू बसल्यावर पाणसळ लावून पाटी सपाट करावी व मगच दुसरे बसवावे. संचाच्या पाठीवरील चार भोंकांचें अंतर मोजूनच पाटी विकत आणावी. संच उचलण्यास दोन माणसें हवींत. तिसरें माणूस सूचना करण्यास नको.

वासे सोयीच्या जागीं येत नाहींत, अशी तक्रार पुष्कळ ऐकूं येते. त्यास उपाय सोपा आहे. दोन वाशांवरून आडवें जाईल असें १८ मिलिमीटर जाडीचें प्लायवूड दोन्ही वाशांना स्क्रूंनीं जखडावें आणि पाटी त्या प्लायवूडवर हवी तेथें लावावी. तें रंगविलें म्हणजे डोळ्यांस खुपत नाहीं. पंख असलेले बोल्टहि मिळतात. मिटलेले पंख भोंकांतून पलीकडे जाऊन उघडतात व फळीला मागून धरतात. गिट्टीपेक्षां ते पुष्कळच बरे, कारण ओढा भोंकाच्या कडेवर न पडतां अधिक जागेवर पसरतो. तथापि फळी ती फळीच. डब्यावर छापलेला मोठा आंकडा बहुधा मोडण्याच्या वेळचा असतो. त्याचा चौथा हिस्साच आपला धरावा. भिंतीला लगटून राहणारा हलका संच त्यांवर ठेवतां येईल. हाताच्या पाटीला ते आम्ही पसंत करणार नाहीं.

आपल्याकडील जिप्समच्या भिंतींत लाकडी वाशाऐवजीं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याच्या पन्हळी असतात. त्यांचें अंतर बहुधा दोन फूट व पत्रा सुमारें अर्धा मिलिमीटर. त्यांत स्क्रूचा एखादाच आटा पकडतो. म्हणून नवी भिंत होत असेल तेव्हांच, एका बाजूची फळी बसण्यापूर्वीं, संचाच्या नियोजित जागीं पन्हळींच्या मध्यें प्लायवूड आडवें बसवावयास कंत्राटदारास सांगावें. तयार भिंतीवर हें करणें म्हणजे फळी कापून पुन्हां जोडणें आलें. कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत बाहेरच्या भिंतीस ओल असेल तर जवळच्या जिप्समलाहि ती लागते, आणि ओला जिप्सम व त्याचा कागद दोन्ही दुबळे होतात. अशा जागीं संच टांगूंच नये.

मग संच कपाटावर ठेवावा हें उत्तम, असें कोणी म्हणेल. कपाट ठेंगणें व रुंद असेल तर ठीक. पण मूल कपाटाच्या खणावर पाय देऊन चढतें आणि संच अंगावर ओढून घेतें. अशा अपघातांमुळेंच अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगानें २०१५ सालीं 'अँकर इट' नांवाची मोहीम सुरू केली. संच व उंच कपाटें भिंतीला पट्ट्यानें बांधावीं असें ती सांगते. हा पट्टाहि वाशालाच बांधावा लागतो, म्हणजे चुंबक व दोरा पुन्हां हातांत घेणें आलेंच.

टांगलेल्या पाटीचे स्क्रू एका महिन्यानें एकदां पान्यानें तपासावे. भिंतीच्या रंगावर पाटीच्या वरच्या कडेशीं केसाएवढी फट दिसूं लागली तर संच त्याच दिवशीं उतरवावा. आणि नव्या भिंतींत प्लायवूड घातलें असेल तर तें जमिनीपासून किती उंचीवर व कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे, तें माप घराच्या कागदपत्रांबरोबर लिहून ठेवावें; रंग लागल्यावर तें कोणासहि दिसत नाहीं.